बारशिंगा वाचला, हिशेब कोण देणार?

१९७० साली मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानात बारशिंग्यांची मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला अवघा सहासष्ट. १९३८ च्या सुमारास याच परिसरात तीन हजारांच्या आसपास बारशिंगे असल्याचा अंदाज होता; १९५३ मध्ये ते साडेपाचशेवर आले होते. तराईतील व आसामातील बारशिंगे दलदलीत वावरणारे. मध्य भारतातील ही उपजात मात्र कठीण जमिनीवरची, तिचे खूर त्या जमिनीसाठी घडलेले. ती जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही उरलेली नव्हती. म्हणजे कान्ह्याच्या माळावरचे ते सहासष्ट प्राणी संपले असते, तर एक उपजातच कायमची संपली असती. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली आहे. २०१५ मध्ये त्यांतील काही सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसवण्यात आले आणि २०२३ मध्ये काही बांधवगडला गेले. मरणाच्या उंबरठ्यावरून परत आणलेला हा प्राणी आता एकाच खोऱ्यातील वणव्याच्या वा साथीच्या मर्जीवर जगत नाही.

ही गोष्ट खरी आहे आणि ती आनंदाची आहे. हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. कारण पुरोगामी वर्तुळांत वन्य प्राण्यांच्या रक्षणाला श्रीमंतांचे खूळ समजण्याची एक आळशी सवय आहे. जो समाज हजारो वर्षांचा सोबती असलेला प्राणी चार-दोन पिढ्यांत नाहीसा होऊ देतो, तो आपल्या नद्यांना, मातीला आणि अखेरीस आपल्या दुर्बल माणसांनाही त्याच न्यायाने वागवतो. बारशिंगा वाचल्याचा ज्याला आनंद होत नाही, त्याने शोषणमुक्त समाजाची भाषा जपूनच वापरलेली बरी.

परंतु ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्यात एक पात्र गाळलेले आहे. सरकारी पुस्तिकांत बारशिंगा आहे, वाघ आहे, दूरदृष्टीचे अधिकारी आहेत, परदेशी शास्त्रज्ञ आहेत, कुंपण आहे, गवतदेखील आहे. २०१७ मध्ये तर कान्ह्याला ‘भूरसिंग’ नावाचे एक बोधचिन्ह मिळाले. बारशिंग्याला नाव लाभले, रूप लाभले, पर्यटकांच्या टोप्यांवर आणि अंगरख्यांवर जागा लाभली. या कथेत नाही तो फक्त ते गवत जेथे उगवले त्या जमिनीवर कालपर्यंत राहणारा माणूस. त्याची गरज एवढीच होती की त्याने निघून जावे. तो गेला, आणि कथेतूनही गेला.

मारले कोणी?

बारशिंगा का संपत आला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते : माणसांचा आणि गुरांचा दबाव वाढला. ‘माणूस’ हा शब्द अशा ठिकाणी फार सोयीचा असतो. त्यात रायफलधारी साहेब आणि कुऱ्हाडधारी बैगा एकाच मापाने मोजले जातात आणि गुन्ह्याची वाटणी करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. इतिहास मात्र इतका सोयीचा नाही.

बंजर आणि हालोन नद्यांच्या खोऱ्यांतील ही सालवने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने राखीव केली. हेतू प्राणिरक्षणाचा नव्हता, लाकडाचा होता. सालाचे लाकूड म्हणजे रेल्वेचे स्लीपर. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोट्या मापाची रेल्वे याच मुलखातून काढण्यात आली, आणि सातपुड्याचे जंगल बाजाराला जोडले गेले. त्याच काळात ही वने साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीची ठिकाणे होती. बारशिंग्याच्या ज्या उपजातीची येथे चर्चा आहे, तिच्या शास्त्रीय नावात डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचे नाव गोवलेले आहे. त्याने १९२३ मध्ये मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिले. तो उत्तम निरीक्षक होता यात शंका नाही. पण त्या पिढीत निरीक्षण आणि शिकार ही एकाच हाताची दोन कामे होती.

स्वातंत्र्य आले तरी बंदूक खाली आली नाही. कान्ह्याचा काही भाग १९३३ पासून अभयारण्य म्हणून घोषित असतानाही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका राजघराण्यातील शिकाऱ्याला तेथे खास परवाना मिळाला आणि त्याने तीसच्या आसपास वाघ लोळवले. त्यावर गदारोळ उठला. अखेर १९५५ मध्ये कायदा होऊन कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील वाचकाने हेही आठवावे की त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. कान्ह्याचा कायदा नागपुरात झाला. विदर्भातील कार्यकर्त्याला हा दुसऱ्याच्या घरचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येणार नाही.

उद्यान झाल्यानंतरही बारशिंगा घटतच राहिला. १९६३ ते १९६५ या काळात अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी कान्ह्यात राहून हरणे व वाघ यांचा जो अभ्यास केला, त्यातून या प्राण्याची दयनीय अवस्था जगापुढे आली. बारशिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगणारा. चितळ पाला खाईल, फळे खाईल, वस्तीच्या कडेने निभावून नेईल; बारशिंग्याला हे जमत नाही. हिवाळ्यात माजावर आलेल्या मादीला सुमारे आठ महिन्यांनी एकच पाडस होते, आणि पावसाळ्याच्या उतरत्या काळात ती ते उंच गवतात दडवून ठेवते. गवत उंच नसेल तर पाडस उघडे पडते. गुरांनी माळ खुरटवले होते, नांगराने काही माळ व्यापले होते, दरवर्षीच्या आगींनी जुने गवत जळत होते, आणि गुरांच्या रोगांचाही संशय अभ्यासकांनी व्यक्त केला होता. याच्याच जोडीला एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते : पर्यटकांना वाघ हमखास दिसावा म्हणून त्या काळी आमिषाला रेडे बांधण्याची प्रथा होती. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वाघाला सवयीने जेथे बोलावले जाई, तेथेच उरलेसुरले बारशिंगे चरत होते.

तेव्हा गुन्ह्याच्या यादीत स्लीपरचा ठेकेदार आहे, परवाना देणारा सचिव आहे, आमिष बांधणारा व्यवस्थापक आहे, शिकारी आहे आणि शेतकरीही आहे. शिक्षा मात्र यांपैकी एकालाच झाली.

नांगर हाती कोणी दिला?

ज्याला शिक्षा झाली त्याच्या गुन्ह्याचा इतिहासही पाहिला पाहिजे. कान्ह्याच्या परिसरातील गावे प्रामुख्याने गोंड आणि बैगा आदिवासींची. बैगा हा मुळात नांगर धरणारा माणूस नव्हे. धरती ही आई. तिच्या छातीवर नांगराचा फाळ चालवणे म्हणजे पाप, अशी त्याची श्रद्धा. तो बेवर करी : जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, त्या राखेत कोदो-कुटकी पेरायची, आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा जंगलाला परत देऊन पुढे सरकायचे. ब्रिटिश वनखात्याला ही पद्धत सहन होणे शक्यच नव्हते, कारण तिच्यात सालाचे झाड हे लाकूड ठरत नव्हते, राख ठरत होते. बेवरवर बंदी आली. १८९० मध्ये आजच्या डिंडोरी जिल्ह्याच्या भागात ‘बैगा चक’ नावाचा मर्यादित प्रदेश आखून तेवढ्यात बेवरला मुभा ठेवली गेली. इतरत्र बैगाने नांगर धरावा, खाली माळावर उतरावे, स्थिर शेतकरी व्हावे, असे त्याला दंडाच्या आणि जप्तीच्या भाषेत शिकवण्यात आले.

व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात ही सारी वेदना नोंदवलेली आहे. त्यांनी त्यात एक सूचनाही केली होती : बैगांसाठी एखादे ‘राष्ट्रीय उद्यान’ असावे, जेथे त्यांना त्यांच्या रीतीने जगता येईल. या कल्पनेवर त्या काळी पुष्कळ टीका झाली. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना वेगळे ठेवण्याच्या विचारावर प्रखर आक्षेप घेतले, आणि राष्ट्रवाद्यांनी माणसांचे प्राणिसंग्रहालय करता काय असा प्रश्न विचारला. पुढे काय घडले ते इतिहासाचा उपहास म्हणून लक्षात ठेवण्यासारखे आहे. एल्विन यांच्या ग्रंथानंतर सोळा वर्षांनी त्याच प्रदेशात राष्ट्रीय उद्यान खरोखरच झाले. फक्त त्यात बैगाला जागा नव्हती.

म्हणजे क्रम असा लागतो. ज्या शासनाने बैगाच्या हातून बेवर काढून घेतले आणि नांगर दिला, त्याच शासनाच्या वारसाने पाऊणशे वर्षांनी त्याला सांगितले की तुझा नांगर बारशिंग्याच्या कुरणावर चालतो आहे, तेव्हा तू जा. पहिल्या वेळी तो जंगलाचा शत्रू ठरला आणि दुसऱ्या वेळी गवताचा. दोन्ही वेळा निकाल देणारे न्यायालय एकच होते, आणि दोन्ही वेळा आरोपीची बाजू ऐकली गेली नाही.

गवत आले कोठून?

बारशिंग्याचे पुनरागमन ज्या उपायांनी झाले ते आता सर्वमान्य आहेत. वाघ-बिबट्याला शिरता येणार नाही असे कुंपण घालून त्यात काही जनावरे वाढवण्यात आली. आगींवर नियंत्रण आले. पाणवठे झाले. स्विस अभ्यासक क्लॉद मार्टिन यांनी १९७० नंतरच्या वर्षांत या प्राण्याच्या सवयींचा बारकाईने अभ्यास केला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यावर कान्ह्याला निधी व शिस्त लाभली. आणि या सगळ्यांच्या मुळाशी होता सौंफ गावाचा माळ. मंडल्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या पुढाकाराने सौंफ गाव उठवून उद्यानाबाहेर वसवण्यात आले. गावाची शेते गवताने भरली. उंच गवत आले, आणि त्याबरोबर बारशिंगेही आले. त्यानंतरच्या वर्षांत कान्ह्याच्या गाभ्यातून विसाहून अधिक गावे याच वाटेने बाहेर गेली. आज पर्यटक ज्या मोकळ्या मैदानांवर जीप थांबवून छायाचित्रे घेतात, त्यांतील अनेक मैदाने ही जुन्या गावांची शेते व गुरचरणे आहेत.

या वस्तुस्थितीपुढे डोळे मिटण्यात अर्थ नाही. सौंफ हलले नसते तर बारशिंगा वाचला असता की नाही, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर अवघड आहे, हेही कबूल केले पाहिजे. सहासष्ट जनावरे उरलेली असताना दहा वर्षे समित्या नेमून चालले नसते. रणजितसिंह यांच्या तळमळीविषयी वा नंतरच्या वनाधिकाऱ्यांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आसामातील बारशिंग्याच्या उपजातीला पुढे शास्त्रज्ञांनी रणजितसिंह यांचे नाव दिले; तो मान अस्थानी नाही.

पण प्रश्न व्यक्तींच्या तळमळीचा नाहीच. प्रश्न असा आहे की एका उपजातीच्या नावात वनाधिकाऱ्याला स्थान मिळाले, दुसरीच्या नावात जिल्हाधिकाऱ्याला मिळाले. ज्यांनी आपली शेते, विहिरी, देवांच्या जागा आणि पूर्वजांच्या समाध्या सोडल्या, त्या सौंफच्या कुळांना काय मिळाले? त्या काळी ना वनहक्काचा कायदा होता, ना स्थलांतराची आजची ठरावीक रक्कम. संमती नावाची कायदेशीर गोष्टच अस्तित्वात नव्हती. राष्ट्राला एक मौल्यवान प्राणी हवा होता. त्याची किंमत राष्ट्राने भरायला हवी होती. ती भरली राष्ट्रातील सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाने. ज्या व्यवहारात लाभ सर्वांचा आणि भार एकाचा असतो, त्याला त्याग म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

आणखी एक मुद्दा बहुधा विसरला जातो. डोंगरमाथ्यावरचे काही ‘दादर’ आणि थंडीत दहिवराने झाडोरा मारणारी काही सखल मैदाने सोडली, तर सालवनाच्या मधोमध एवढे मोठे गवताळ माळ निसर्गाने आपणहून राखलेले नाहीत. ते कुऱ्हाडीने, आगीने, नांगराने आणि गुरांनी मोकळे ठेवलेले आहेत. बारशिंग्याला परत आणणारे गवत ज्या जमिनीवर वाढले, ती जमीन जंगलातून मोकळी केली ती त्या ‘अतिक्रमक’ माणसांच्या पिढ्यांनी. माणूस गेल्यावर त्याच माळांवर झाडोरा आणि तण चढू लागले. ते उपटण्यासाठी वनखात्याला मजूर लावावे लागतात. आणि ते मजूर कोण? आसपासच्या खेड्यांतील गोंड आणि बैगा. ज्याच्या पूर्वजांनी माळ घडवला, तो आता त्याच माळावर सकाळी रोजंदारीने येतो आणि संध्याकाळी फाटकाबाहेर जातो. याहून नेमके उदाहरण श्रमिकाला त्याच्या श्रमाच्या साधनांपासून तोडण्याचे दुसरे सापडणार नाही.

‘अनुल्लंघनीय’ कोणासाठी?

यावर एक ठरलेले उत्तर येते. जुन्या काळी चुका झाल्या असतील. पण आता कायदा आहे, भरपाई आहे, स्थलांतर स्वेच्छेचे आहे. हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे.

कायदा आहे, हे खरे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे संसदेकरवी मान्य करवले. त्या कायद्यानुसार वन्य जीवांसाठी एखादे क्षेत्र पूर्णपणे राखून ठेवायचे असेल, तर आधी तेथील लोकांचे हक्क नोंदले गेले पाहिजेत. त्यांच्या राहण्याने प्राण्यांची भरून न येणारी हानी होते हे दाखवले गेले पाहिजे. सहजीवनाचा अन्य वाजवी मार्ग उरलेला नाही हे ठरले पाहिजे. आणि ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती मिळाली पाहिजे. नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनेही व्याघ्रक्षेत्रासाठी याच धर्तीच्या अटी घातल्या. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे?

पण २०१७ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पत्रक काढले की व्याघ्रक्षेत्राच्या गाभ्यात वनहक्क देऊ नयेत. ते वर्षभराने मागे घ्यावे लागले. दरम्यान, २०१४ मध्ये कान्ह्याच्या गाभ्यातून बैगा व गोंड कुटुंबांना दडपणाने बाहेर काढल्याची तक्रार आदिवासी हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जाहीरपणे केली होती. स्थलांतर स्वेच्छेने झाले असे वनखात्याचे म्हणणे होते. कोणाचे खरे, हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. ज्या गावात रस्ता होऊ दिला जात नाही, वीज येऊ दिली जात नाही, शाळेला शिक्षक नाही, मोहफुले वेचायला गेलेल्या बाईला अडवले जाते, पिकावर पडलेल्या रानडुकरांबद्दल दाद लागत नाही, त्या गावाने ‘आम्ही जातो’ असे म्हटले, तर ती संमती की शरणागती? पाणी तोडून घर रिकामे करून घेणाऱ्या मालकालाही भाडेकरू स्वेच्छेनेच गेला, असे म्हणता येते.

भरपाईचीही तीच गोष्ट. २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले; २०२१ मध्ये ते पंधरा लाख झाले. एकरकमी पैसा म्हणजे जमीन नव्हे. ज्याचे निम्मे जीवन बाजाराबाहेर, मोह, चारोळी, कंदमुळे आणि मासळी यांच्यावर चालत होते, त्याच्या त्या मिळकतीचा हिशेब कोणत्याही रकमेत धरलेला नसतो. रोकड हाती पडल्याच्या दिवसापासून तो अशा बाजारात उभा राहतो, जेथे जमीन विकणारा, गाडी विकणारा आणि दारू विकणारा त्याच्यापेक्षा अधिक जाणता असतो.

आता ‘अनुल्लंघनीय’ या शब्दाकडे वळावे. गाभ्याचे क्षेत्र अनुल्लंघनीय असले पाहिजे. म्हणून तेथे मनुष्यवस्ती नको, असा सारा युक्तिवाद आहे. तो मान्य केला तर त्याचे तर्कशुद्ध फलित काय? २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले, तेव्हा हॉटेलवाल्यांपासून अनेक प्राणिप्रेमींपर्यंत हलकल्लोळ झाला. पर्यटकांची नजर हीच वाघाची संरक्षक, असे सांगण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा मिळाली. म्हणजे जीप जाऊ शकते, कोदोची गाडी जाऊ शकत नाही. एका रात्रीला बैगाच्या महिन्याच्या मजुरीहून अधिक भाडे मोजणारा पाहुणा जंगलाचा रक्षक ठरतो, आणि ज्याच्या पायवाटा त्या जंगलात शतकानुशतके होत्या तो उपद्रव ठरतो. अनुल्लंघनीय जंगल नाही. अनुल्लंघनीय आहे ती पैशाची वाट.

आज काय पणाला लागले आहे?

हा सारा इतिहास उगाळण्याचे कारण असे की तो संपलेला नाही. १९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने सर्व संबंधित राज्यांना पत्र पाठवून व्याघ्रक्षेत्रांच्या गाभ्यात अद्याप असलेली ५९१ गावे व ६४,८०१ कुटुंबे यांच्या स्थलांतराचा कालबद्ध आराखडा मागितला. पत्रामागचा आकडा पाहावा. सौंफ एक गाव होते. त्याच्यामागे सहासष्ट जनावरांचा प्रश्न होता. आता प्रश्न चौसष्ट हजार कुटुंबांचा आहे, आणि त्यांच्यापैकी प्रत्येक गावाच्या बाबतीत ‘सहजीवन अशक्य आहे’ हे सिद्ध करण्याची कायद्याने घातलेली अट जणू नाहीच, अशा थाटात तारखा मागितल्या जात आहेत. महाराष्ट्रातही मेळघाटातील कोरकू आणि ताडोबातील गोंड गावांनी या स्थलांतराचा अनुभव घेतला आहे. कान्ह्याच्या यशाचा दाखला अशा प्रत्येक ठिकाणी दिला जातो : ‘पाहा, माणसे हलवली आणि बारशिंगा परत आला.’ एका आणीबाणीतील उपाय हा असा सार्वकालिक नियम बनवला जात आहे. एका रोग्याचा पाय कापल्याने तो वाचला म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचा पाय कापण्याला वैद्यक म्हणत नाहीत.

येथे समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. धरणग्रस्तांचा प्रश्न चळवळीने उचलला, अंगावर लाठ्या घेतल्या, पुनर्वसनाचे कायदे करायला भाग पाडले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा आज शासकीय परिपत्रकांच्या भाषेतही शिरली आहे. परंतु अभयारण्यग्रस्त हा शब्द मात्र चळवळीच्या ठरावांत अभावानेच आढळतो. याचे कारण असे की धरणाला विरोध करताना समोर ठेकेदार, साखर कारखानदार व बडे बागायतदार दिसत. अभयारण्याच्या बाबतीत समोर एक निष्पाप प्राणी उभा केलेला असतो. त्याच्या शिंगांकडे पाहून भल्याभल्यांची जीभ जड होते. पण लढाई त्या प्राण्याशी नाहीच. बारशिंगा आणि बैगा हे दोघेही एकाच व्यवस्थेचे बळी आहेत : एकाला तिने शिकारीसाठी आणि स्लीपरसाठी संपवत आणले, दुसऱ्याला महसुलासाठी आणि मग पर्यटनासाठी. त्या दोघांना एकमेकांविरुद्ध साक्षीला उभे करणे, हीच व्यवस्थेची खरी चतुराई आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली : ग्रामसभेच्या संमतीवाचून एकही गाव हलता कामा नये, आणि ती संमती घेण्यापूर्वी त्या गावाला रस्ता, शाळा, दवाखाना व वनहक्काचे दाखले मिळालेले असले पाहिजेत, म्हणजे जाणे ही निवड ठरेल, सुटका ठरणार नाही. दुसरी : १९६९ नंतर कान्ह्यातून हलवलेल्या प्रत्येक गावाची यादी, तेथील कुटुंबांना मिळालेली जमीन आणि आजची त्यांची स्थिती सरकारने जाहीर करावी, आणि जुन्या विस्थापितांना आजच्या कायद्याचा लाभ द्यावा. तिसरी : जो नियम बैगाला तोच जीपला. गाभा बंद असेल तर दोघांनाही बंद, आणि उघडा असेल तर आधी त्याला, ज्याचा तो होता. चौथी : गवताळ माळांची निगा, तणनिर्मूलन, गस्त आणि पर्यटनाचे उत्पन्न यांचा कारभार विस्थापित गावांच्या ग्रामसभांकडे हक्काने यावा, रोजंदारीची मेहरबानी म्हणून नव्हे. बारशिंग्याला काय लागते हे वनखाते शास्त्रज्ञांकडून शिकले. माळ कसा राखायचा हे त्याने माळकऱ्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

यांपैकी एकही मागणी बारशिंग्याच्या मुळावर येणारी नाही. उलट, ज्या प्राण्याभोवती दहा-वीस हजार माणसे हा आपला प्राणी आहे असे मानणारी असतील, तो प्राणी कुंपणापेक्षा आणि बंदूकधारी पहाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असेल. ज्याच्यामुळे घर गेले, त्या प्राण्यावर मनापासून प्रेम करा, असे कोणाला सांगता येत नाही. आणि शेजाऱ्यांच्या द्वेषात कोणताही प्राणी दीर्घकाळ जगू शकत नाही.

पावसाळा सरत आला की सौंफच्या माळावर गवत आजही पुरुषभर उंच वाढते आणि माद्या आपली पाडसे त्यात दडवून ठेवतात. ते दृश्य पाहण्यासारखे आहे आणि ते टिकले पाहिजे. फक्त त्या गवताखाली जुन्या घरांचे चौथरे होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगितले पाहिजे; आणि ज्याने ऐकले त्याने पुढचे सौंफ होऊ देता कामा नये.